डब्लिनची नॅशनल लायब्ररी आणि १९१९ च्या 'बेकायदा' सरकारचे अहवाल : रिव्ह्यू

डब्लिनमध्ये राहणाऱ्या किंवा इकडे फिरायला येणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. गिनेस, टेंपल बार, क्लिफ्स ऑफ मोहर हे सगळेच करतात, त्याचे रिव्ह्यू पायलीला पन्नास मिळतील. मला सांगायचंय ते किल्डेअर स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या रीडिंग रूमबद्दल आणि तिथे बसून मी जे वाचलं त्याबद्दल. पाचपैकी पाच स्टार, आणि एक सेंटही लागत नाही.

मी वाचायला गेले होते ते 'कमिशन ऑफ इन्क्वायरी इन्टू द रिसोर्सेस अँड इंडस्ट्रीज ऑफ आयर्लंड' याचे अहवाल. नाव ऐकून कुणालाही जांभई येईल, पण थोडं थांबा. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा ब्रिटिशांपासून स्वातंत्र्य मागणाऱ्या सिन फेन पक्षाने जिंकल्या, निवडून आलेले लोक लंडनच्या पार्लमेंटला गेलेच नाहीत, २१ जानेवारी १९१९ ला डब्लिनच्या मॅन्शन हाऊसमध्ये जमले आणि हीच आमची संसद म्हणून जाहीर केलं, तिचं नाव डॉइल. जवळपास निम्मे मेंबर तेव्हा तुरुंगात होते. पुढे पक्षाचे नेते डी व्हॅलेरा अमेरिकेत पैसा आणि पाठिंबा मिळवायला गेले आणि मागे कारभार बघायला राहिले पक्षाचे संस्थापक आर्थर ग्रिफिथ. आणि या सरकारने, ज्याच्याकडे ना स्वतःची कचेरी ना तिजोरी, जून १९१९ मध्ये ठराव केला की देशात नैसर्गिक संपत्ती काय आहे, उद्योगधंदे कुठल्या अवस्थेत आहेत आणि ते वाढवायचे कसे याची चौकशी करायला कमिशन नेमायचं. सप्टेंबर १९१९ मध्ये ब्रिटिशांनी डॉइलच बेकायदा ठरवली. कमिशन कामाला लागलं ते त्याच महिन्यात.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः थक्क झाले. बाहेर छापे, धरपकड, गोळीबार चालू आहे, मंत्री सायकलवरून लपतछपत फिरतायत, आणि त्यांनी प्रश्न काय हातात घेतला तर गायी दूध किती देतात, दलदलीतला पीट जाळून यंत्रं चालतील का, नद्यांमधून वीज किती निघेल. स्वातंत्र्य मिळाल्यावर बघू असं कुणी म्हटलं नाही. मिळायच्या आधीच यादी करायला बसले. त्या काळातल्या लढाया आणि हुतात्मे सगळ्यांना पाठ असतात पण माझ्या मते या लोकांची खरी हिंमत या कंटाळवाण्या नावाच्या कागदांमध्ये आहे, आणि म्हणूनच हा एवढा लांबलचक रिव्ह्यू.

आधी एक सावधगिरी

ऑनलाइन एका विक्रेत्याकडून यातल्या एका अहवालाचं रीप्रिंट मागवलं होतं मी. घेऊ नका. कुणीतरी घाईत स्कॅन करून जसंच्या तसं बांधून पाठवलंय, टेबलांमधले आकडे अर्धे पुसट, तीन आहे का आठ ते कळत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घडीचे नकाशे उघडून स्कॅन करायचे कष्टच घेतलेले नाहीत, घडी घातलेल्या कागदाची पाठ तेवढी छापलीय. अशा अहवालात आकडे आणि नकाशे हाच तर जीव असतो. एक स्टार, तोही कव्हर बरं होतं म्हणून. त्यापेक्षा मूळ प्रत बघा, ती मिळते, फुकट मिळते.

लायब्ररी

लुआस म्हणजे इथली ट्राम, तिच्या ग्रीन लाइनवर डॉसन स्टॉपला उतरायचं, तिथून चालत पाच-सात मिनिटं. वाटेत डॉसन स्ट्रीटवर मॅन्शन हाऊस लागतं, तेच ते जिथे १९१९ ची पहिली बैठक झाली. आणि लायब्ररीच्या अगदी शेजारी लेन्स्टर हाऊस, जिथे आज आयर्लंडची संसद बसते. १९१९ मध्ये मात्र ती वास्तू रॉयल डब्लिन सोसायटीची होती, शेती आणि उद्योग सुधारण्यासाठी काढलेली जुनी संस्था, १९२२ मध्ये स्वतंत्र आयर्लंडचं नवं सरकार तिथे बसायला लागलं. म्हणजे सगळी गोष्ट चालण्याच्या अंतरात आहे, एका दुपारी पायी होते.

रीडर्स टिकट काढायला फोटो आयडी लागतो. फॉर्म भरला, फोटो काढला, कार्ड हातात. मी इथली नागरिक नाही, युनिव्हर्सिटीत नाही, कुणाचं पत्र नाही, तरी कुणी विचारलं नाही की तुला हे कशाला हवंय. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्यापैकी ज्यांनी कधी सरकारी दफ्तरखान्यातून एखादा जुना कागद काढायचा प्रयत्न केलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. बॅग, कोट, पाण्याची बाटली लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल, वही, लॅपटॉप.

आणि मग ती खोली. १८९० पासून चालू असलेली, वर प्रचंड घुमट, खाली अर्धगोलात मांडलेली लाकडी टेबलं, टेबलावर हिरव्या शेडचे दिवे, भिंतीच्या वरच्या कडेने प्लास्टरची गुबगुबीत बाळं रांगेने. आवाज फक्त पानांचा आणि मधूनच एखादी खुर्ची सरकल्याचा. फोटो बघून येणारे टुरिस्ट दारातून डोकावून जातात पण खरी मजा आत बसून काहीतरी वाचण्यात आहे.

काउंटरवरच्या बाईंना कमिशनचं नाव सांगितलं तर त्यांनी कॅटलॉग उघडून एकेक अहवाल कुठल्या नावाखाली नोंदलाय ते दाखवलं, कारण सगळे एकाच ठिकाणी मिळत नाहीत, कोळशाचा वेगळा, दुधाचा वेगळा. काही साहित्य बाहेरच्या गोदामात असतं, ते आधी ऑनलाइन ऑर्डर करून ठेवावं म्हणजे खेप फुकट जात नाही. फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, नियम कागदाप्रमाणे बदलतात.

आता अहवाल

सुरुवात दुधापासून करा असं मी म्हणेन. दूध उत्पादनावरचा अंतरिम अहवाल मार्च १९२० चा. इतर सगळं सोडून पहिला हात दुधाला का घातला असेल? कारण आयर्लंडची शेती म्हणजे गवत आणि गुरं, आणि गवतावरचं दूध म्हणजे उन्हाळ्यात मुबलक, हिवाळ्यात टंचाई, आणि शहरातल्या गरीब घरातल्या पोरांना हिवाळ्यातच दूध मिळत नाही. म्हणजे हा नुसता उद्योगाचा प्रश्न नव्हता. पुढे शुद्ध जातीच्या दुभत्या गुरांसाठी पैदास फार्म काढायचा वेगळा अहवाल आला, त्याच्यामागे डेअरीवरचा मोठा अहवाल आला.

आणि याच वेळी बाहेर काय चाललं होतं बघा. आयर्लंडमध्ये सहकारी क्रीमरीज १८८९ पासून होत्या, होरेस प्लंकेटच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या, आपल्या दूध संघासारखंच काम, शेतकरी दूध घालणार, लोणी निघणार, पैसे वाटून घेणार. १९२० मध्ये ब्रिटिश पोलीस आणि सैनिकांनी सूड म्हणून या क्रीमरीज जाळायला सुरुवात केली. आयआरएने, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, कुठे हल्ला केला की आजूबाजूच्या गावातली क्रीमरी पेटवायची, म्हणजे एका रात्रीत आख्ख्या पंचक्रोशीची रोजची आवक बंद. हे डोक्यात ठेवून तो दुधाचा अहवाल वाचला की त्यातल्या प्रत्येक कोरड्या वाक्याला वजन येतं. एकीकडे दूध वाढवायचं कसं याच्या साक्षी चालू आहेत आणि दुसरीकडे दूध घालायची जागाच जळतेय.

साक्षी घेणंही सोपं नव्हतं. कमिशन उघडपणे बैठका घेणार, तज्ज्ञ, व्यापारी, कामगार पुढारी यांना बोलावणार, पेपरात छापून येणार, ही कल्पना होती. जानेवारी १९२० मध्ये कॉर्कला गेले तर तिथे पोलिसांनी सिटी हॉलमध्ये बैठक होऊ दिली नाही. गायीगुरांवर आणि कोळशावर साक्ष द्यायला आलेल्या लोकांना हत्यारी पोलीस अडवतायत हे दृश्य पेपरांनी जगभर पोचवलं आणि ब्रिटिशांची त्यात काही अब्रू राहिली नाही. प्रचार म्हणूनही ग्रिफिथ यांना याचा उपयोग होता हे उघड आहे, पण नुसताच प्रचार असता तर कॉर्कच्या बातमीनंतर काम गुंडाळून टाकलं असतं. ते दोन वर्षं चालू राहिलं.

कमिशनवर सगळे सिन फेनचेच होते असंही नाही. अध्यक्ष जॉन ओ'नील हे डब्लिनचे सायकल आणि मोटारच्या धंद्यातले. थॉमस जॉन्सन हे लेबर पार्टीचे पुढारी, जन्माने लिव्हरपूलचे, होते. युनिव्हर्सिटीतले केमिस्ट्रीचे प्रोफेसर ह्यू रायन होते. विरोधी मताच्या लोकांनाही बोलावलं होतं, काहींनी नकार दिला. स्वतःच्या बाजूच्या लोकांचं कोंडाळं न करता ज्याला विषय कळतो त्याला घेतलं, मला हे फार आवडलं.

सेक्रेटरी साहेब

डॅरेल फिगिस हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे थोडक्यात. जन्म डब्लिनच्या रॅथमाइन्सचा, १८८२ चा, पण लहानपण कलकत्त्यात गेलं, वडील चहाच्या धंद्यात होते म्हणून. तरुणपणी स्वतःही लंडनला काकांच्या चहाच्या पेढीवर काम केलं. चहाचे नमुने, भाव, प्रत, जहाजाचं भाडं हे सगळं डोळ्यासमोर बघितलेला माणूस. १९१४ मध्ये हाच माणूस हॅम्बर्गहून बंदुका विकत घ्यायला गेला होता, ज्या नंतर हाउथ बंदरात उतरल्या. आणि १९१९ मध्ये कमिशनचा सेक्रेटरी. स्वभावाने अनेकांना तो आवडायचा नाही, अर्थमंत्री मायकेल कॉलिन्स यांच्याशी कमिशनच्या खर्चावरून खटके उडाले. पण कॉलिन्स यांचंही चूक नव्हतं असं मला वाटतं. डॉइलने लोकांकडून कर्जरोख्यांवर पैसा उभा केला होता, ब्रिटिशांची त्यावर बंदी असताना आयर्लंडमधून जवळपास ३ लाख ७० हजार पौंड जमले होते, शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी जोखीम घेऊन दिलेला पैसा. त्याचा हिशेब कडक मागितलाच पाहिजे. आणि त्यातला काही पैसा बंदुकांऐवजी दूध आणि पाण्याच्या चौकशीवर गेला याचं मला कौतुक वाटतं.

फिगिसचं आयुष्य पुढे फार दुःखी झालं, १९२५ मध्ये लंडनमध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या आधी १९२२ मध्ये नव्या राज्याची घटना लिहिणाऱ्या समितीत त्याने मोठं काम केलं होतं. अहवाल वाचताना त्याची आठवण ठेवावी असं वाटतं, कारण इतक्या लोकांची पत्रं, साक्षी, आकडे गोळा करून छापखान्यापर्यंत पोचवणं, तेही टपाल फोडलं जात असताना, हे काम शेवटी सेक्रेटरीच्याच माथी येतं.

कोळसा

कोळशावरचा ग्रंथ १९२१ चा, दोन खंडांत. पहिल्या महायुद्धात आयर्लंडला चांगलाच धडा मिळाला होता, देशात जळणारा बहुतेक सगळा कोळसा ब्रिटनमधून बोटीने यायचा, पाणबुड्यांनी बोटी बुडवायला सुरुवात केली की गॅस, रेल्वे, कारखाने सगळ्यांची पंचाईत. म्हणून प्रश्न सरळ होता, आपल्या जमिनीखाली किती आहे आणि काढता येईल का.

ग्रंथात कॅसलकोमर आहे, अरिग्ना आहे, मन्स्टरचे पट्टे आहेत, आणि उत्तरेतले टायरोन, बॅलीकॅसलही आहेत. इथे मी बराच वेळ थांबले. हे सगळं लिहिलं जात होतं तेव्हा आयर्लंड एक धरून लिहिलं जात होतं, आणि छापून बाहेर येईपर्यंत १९२० च्या कायद्याने उत्तरेचे सहा परगणे वेगळे झाले होते. यादी आख्ख्या घराची केली आणि यादी पुरी होईस्तोवर वाटणी होऊन गेली होती. कागदावर टायरोनचा कोळसा अजून आहे, राज्यात नाही.

कोळशाचा अहवाल वाचून झाला की शक्य असेल तर अरिग्नाला जाऊन या, रॉसकॉमन परगण्यात, लॉक ॲलन तलावाजवळ. खाण १९९० मध्ये बंद झाली, २००३ पासून ती बघायला खुली आहे आणि आत घेऊन जातात ते तिथे स्वतः काम केलेले खाणकामगार, हाही पाचपैकी पाच स्टारचा अनुभव. डोक्यावर हेल्मेट, भिंती ओल्या, थंडी हाडात जाते, जॅकेट न्या. आणि मग ते तुम्हाला कोळशाचा थर दाखवतात. जेमतेम दीड फूट. आम्हाला आत नेणाऱ्या काकांनी (नाव देत नाही, पण मी त्यांना काकाच म्हणत होते मनात) सांगितलं की माणूस इथे कुशीवर आडवा पडून, एका हाताने टेकू घेऊन दिवसभर कुदळ चालवायचा, खांद्याखाली पाणी. उभं राहायचा प्रश्नच नाही, गुडघ्यावर बसायलाही जागा नाही. एवढ्या पातळ थराला खर्च किती आणि निघणार किती हे तिथे उभं राहून एका मिनिटात कळतं, अहवालात वाचताना टनांचे आकडे मोठे वाटतात.

ब्रिटिश सरकारने याच खाणीपर्यंत नॅरोगेज रेल्वेचा फाटा नेला, १९२० मध्ये तो सुरू झाला. १९५८ मध्ये इथल्याच कोळशावर चालणारं वीजकेंद्र तलावाकाठी उभं राहिलं, खाणीबरोबरच १९९० मध्ये ते बंद पडलं. म्हणजे कोळशाने देश चालला नाही, पण एक खोरं तीसेक वर्षं जगलं.

पीट

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठलेला, धड न कुजलेला वनस्पतींचा थर, वाळवून जाळायचा. आयर्लंडच्या जमिनीचा साधारण सहावा-सातवा भाग असल्या दलदलीचा. अडचण अशी की ओल्या पीटमध्ये जवळपास ९० टक्के पाणीच असतं, ते काढायचं कसं यावर सगळं गणित. उन्हावाऱ्यावर वाळवायचं तर आयर्लंडचा पाऊस, भट्टीत वाळवायचं तर वाळवायलाच जळण संपतं. १९२१ चा पीटचा अहवाल या प्रश्नाशी झगडतो आणि तो वाचायला मला सगळ्यात जड गेला, केमिस्ट्री आणि यंत्रांचे तपशील खूप आहेत. ज्यांना इंजिनिअरिंगची आवड आहे त्यांनी जरूर वाचावा, बाकीच्यांनी सुरुवात आणि शिफारशी वाचून पुढे जावं.

पण पुढे काय झालं ते माहीत असलं की महत्त्व कळतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोळसा परत आटला तेव्हा पीटनेच देश तगवला, डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या मुख्य रस्त्याच्या कडेने पीटचे लांबच लांब ढीग रचलेले असायचे. १९४६ मध्ये बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी निघाली, मोठाली यंत्रं आली, पीटवर वीजकेंद्रं चालली. आणि मग हवामानाचा प्रश्न आला, कारण पीट जाळणं कोळशापेक्षाही घाण, आणि दलदल कोरडी केली की साठलेला कार्बन बाहेर. जानेवारी २०२१ मध्ये बोर्ड ना मोनाने पीट काढणं बंद केल्याचं जाहीर केलं. आज त्याच दलदली पुन्हा भिजवायचं काम चालू आहे. १९२१ च्या लोकांना हे माहीत असणं शक्य नव्हतं, त्यांच्यासमोर थंडीत कुडकुडणारी घरं आणि परक्या हातातला कोळसा होता.

पाणी, माझा सगळ्यात आवडता

जलशक्तीचा अहवाल १९२२ चा. नद्यांमधून वीज काढायचा विचार या कमिशनने पहिल्यांदा केला असं नाही, ब्रिटिश सरकारच्याही समितीने आयर्लंडच्या नद्यांचा अभ्यास केला होता, सर जॉन पर्सर ग्रिफिथ नावाचे बंदर-इंजिनिअर त्याचे प्रमुख होते. पण इथे तो विषय देश उभारायच्या यादीत आला.

त्या काळी इंजिनिअर लोकांत मोठा वाद होता, लिफी का शॅनन. लिफी डब्लिनच्या जवळ, गिऱ्हाईक जवळ, काम छोटं, खर्च कमी. शॅनन लांब पश्चिमेला, आणि तिचा स्वभाव असा की मैलोन्‌मैल सपाट वाहते, तलावातून तलावात, आणि मग लॉक डर्गच्या खाली लिमरिकपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात साधारण ३० मीटर उतरते. सगळी ताकद तिथे. टॉमस मॅकलॉक्लिन नावाचा द्रोहेडाचा तरुण इंजिनिअर बर्लिनला सीमेन्समध्ये काम करत होता, त्याने शॅननची योजना मांडली आणि १९२५ मध्ये कायदा पास झाला, ५२ लाख पौंडांचा खर्च, जेव्हा राज्य नुकतंच यादवी युद्धातून बाहेर पडलं होतं आणि तिजोरी रिकामी होती. पॅट्रिक मॅकगिलिगन हे उद्योगमंत्री होते, त्यांनी ते रेटून नेलं. सुमारे १२ किलोमीटरचा कालवा खोदला, आर्डनक्रुशाला वीजकेंद्र बांधलं, जुलै १९२९ मध्ये उद्घाटन. त्या सुमारास ते जगातल्या मोठ्या जलविद्युत केंद्रांपैकी एक होतं.

हे सांगताना कामगारांचंही सांगायला पाहिजे. आठवड्याला ३२ शिलिंग मजुरी, ५० तासांचं काम, त्यावरून संप झाला, सरकारने दाद दिली नाही. राहायला बराकी अपुऱ्या, लोक गोठ्यात आणि डुकरांच्या खोपट्यात झोपले. कामावर अपघातात माणसं मेली. परकं सरकार गेलं म्हणून मजुरी आपोआप वाढली नाही. थॉमस जॉन्सन, कमिशनवरचेच, तेव्हा संसदेत लेबरचे नेते होते, आणि डॉइलच्या १९१९ च्या ज्या जाहीरनाम्यात देशाची संपत्ती सगळ्या जनतेची असं म्हटलं होतं त्याचा मसुदा त्यांनीच लिहिलेला. हा मजुरीचा भाग वाचताना मला राग आला, आणि तो यावा.

आर्डनक्रुशा लिमरिकपासून जवळ आहे, वीज कंपनी उन्हाळ्यात गाइडेड टूर ठेवते, आधी बुकिंग करावं लागतं. जमलं तर नक्की जा. वरून कालव्याकडे बघितलं की एवढं पाणी हातांनी आणि वाफेच्या यंत्रांनी वळवलं यावर विश्वास बसत नाही. आणि वादातल्या हरलेल्या बाजूचंही शेवटी खरं झालं, लिफीवर १९४० च्या दशकात पुलाफुकाचं वीजकेंद्र उभं राहिलं, अर्न नदीवर त्यानंतर, ली नदीवर १९५० च्या दशकात. अर्नची गंमत अशी की तिचे तलाव उत्तर आयर्लंडमध्ये आणि वीजकेंद्रं दक्षिणेत डॉनेगलमध्ये, म्हणून १९५० मध्ये दोन्ही सरकारांना एकत्र बसून करार करावा लागला.

मी एक गोष्ट स्पष्ट करते, अहवालात लिहिलं आणि सरकारने उचललं असं सरळ घडलेलं नाही. १९२२ नंतर यादवी झाली, ग्रिफिथ आणि कॉलिन्स दोघेही ऑगस्ट १९२२ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने गेले, आणि नव्या सरकारला यातल्या बऱ्याच शिफारशींची घाई नव्हती. औद्योगिक अल्कोहोलचा अहवाल घ्या, बटाट्यापासून अल्कोहोल काढायचे कारखाने प्रत्यक्षात आले ते १९३८ मध्ये, दुसऱ्याच पक्षाच्या राजवटीत. पण प्रश्न विचारून ठेवलेले होते, आकडे जमवून ठेवलेले होते, माणसं त्या विषयात तयार झाली होती.

आपला संबंध

टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली ते नाव आणि तो मार्ग आयर्लंडकडूनच आला हे आपण शाळेत शिकतो. ग्रिफिथ यांनी १९०५ मध्ये सिन फेनचं धोरण मांडलं त्याच वर्षी बंगालच्या फाळणीनंतर आपल्याकडे स्वदेशी पेटली. पण या कमिशनशी सगळ्यात जवळचं आपल्याकडे काय असेल तर १९३८ ची काँग्रेसची राष्ट्रीय नियोजन समिती, सुभाषबाबू अध्यक्ष असताना नेमलेली, नेहरू तिचे प्रमुख. तीही स्वातंत्र्याच्या आधीच बसली, तीही शेती, वीज, उद्योग असे उपसमित्यांचे भाग पाडून. ज्यांना या विषयात अभ्यास करायचाय त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत, फार चांगला विषय होईल एखाद्या एमएच्या विद्यार्थ्याला.

जाणाऱ्यांसाठी

फोटो आयडी विसरू नका. पेन्सिल स्वतःची न्या. कॅटलॉगमध्ये कमिशनचं पूर्ण नाव टाका, नुसतं फिगिस टाकलंत तर त्याच्या कवितांची आणि कादंबऱ्यांची पुस्तकं वर येतात. डॉइलमधली १९१९ ची भाषणं संसदेच्या वेबसाइटवर फुकट आहेत, ती घरीच वाचून जा, जूनचा ठराव त्यात आहे. पुणे-मुंबईहून आठवडाभरासाठी येणार असाल तरी एक सकाळ द्या. मागवायचा क्रम माझ्या मते दूध, मग पाणी, मग कोळसा, वेळ उरला तर पीट आणि समुद्रातल्या मासेमारीचा. आणि कोळशाचे खंड घेताना काउंटरवरच सांगून मोठं टेबल मागून घ्या, नकाशे पूर्ण उलगडायला जागा लागते आणि कडा जुन्या झाल्यात, सांभाळून.